डाग आला कुठून? विमानांच्या मॉडेलवरचं वेदरिंग

संयोजकांनी ‘तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक’ अशी माझी ओळख करून दिली आणि लगेच आजचा विषय वाचला, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ते बरोबरच आहे. जन्मभर अनुमान आणि प्रमाण शिकवलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर प्लास्टिकच्या विमानाला मळ कसा लावायचा हे सांगायला उभा राहतो, म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. (हशा) पण आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे, की हा मळ लावायचा तर आधी अनुमानच करावं लागतं. आणि ते चुकलं तर चूक नुसती रंगाची राहत नाही. एखाद्या माणसाच्या कामावर अन्याय होतो.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या विमानाची लहान प्रतिकृती करतात. १/७२ म्हणजे मूळ विमानाच्या एक बहात्तरांश, १/४८ म्हणजे एक अठ्ठेचाळीसांश. जोडून, रंगवून झालं की ते दुकानातल्या खेळण्यासारखं कोरं दिसतं. त्यावर ऊन, तेल, काजळी, चिखल, माणसांचे पाय यांच्या खुणा आणायच्या, याला वेदरिंग म्हणतात. मराठीत चांगला शब्द मला सापडलेला नाही, त्यामुळे मी वेदरिंगच म्हणणार आहे.

तीन प्रश्न

१९९६ सालची गोष्ट. माझे वडील तेव्हा पंच्याहत्तरीचे होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात फिटर होते आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी हरिकेन विमानांची देखभाल केली होती. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढली, ती हीच विमानं घेऊन. तर मी चार महिने खपून १/७२ मापाचं हरिकेन केलं. कडाकडांना चांदीचे ओरखडे, पोटाला तेल, पंखांवर काजळी, प्रत्येक सांध्यात काळी रेघ. मोठ्या अभिमानानं ते वडिलांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, विमान नाकापाशी नेलं, उलटं करून बघितलं आणि विचारलं, “हे कुणाकडं होतं रे?” मला वाटलं पायलटचं नाव विचारताहेत, म्हणून मी सांगायला लागलो. “पायलट नाही विचारत. फिटर कोण होता? त्याला चार्जवर घेतला असता.”

मग शेपटीकडचा एक चांदीचा ओरखडा नखानं दाखवून म्हणाले, “हे कशावर आलं? तिथं पत्रा नाही, कापड आहे.” पोटाच्या बाजूला तेलाचे ओघळ होते ते बघून, “हे उडताना झालं का उभं असताना?” आणि मॉडेल टेबलावर ठेवता ठेवता, “आणि हे पुसलं का नाही कुणी?”

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण त्या तीन प्रश्नांच्या बाहेर जाणारं वेदरिंगचं एकही पुस्तक मला पुढे मिळालं नाही. आजचं व्याख्यान त्या तीन प्रश्नांवरच आहे.

पहिला प्रश्न: हे कशावर आलं?

न्यायदर्शनात अनुमानाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत एक आहे ‘शेषवत्’. कार्य बघून कारणाकडे जायचं. नदीला गढूळ पाण्याचा पूर आलेला दिसला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला असणार. डाग हे कार्य आहे. मॉडेल करणारा माणूस उलट्या दिशेनं काम करतो: त्याला कारण कल्पून कार्य रंगवायचं असतं. पण बघणारा मात्र डागावरून कारणाकडेच जातो. म्हणून ज्या डागाला कारण नाही तो डाग खोटं बोलतो.

आता हरिकेन घ्या. त्याचं नाक पत्र्याचं. पंख सुरुवातीला कापडाचे होते, पुढे पत्र्याचे झाले. कॉकपिटच्या मागचं धड मात्र शेवटपर्यंत कापडाचंच राहिलं. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि कापड घट्ट करायला डोप नावाचं द्रावण. त्या कापडाला कितीही घासलं तरी पत्र्याचा चकाकता ओरखडा येणार कुठून? कापड विटतं, मळतं, फाटतं, त्याला ठिगळ लागतं. मी तिथे चांदीचे ओरखडे काढले होते, म्हणजे माझ्या अनुमानातला हेतूच खोटा होता. तीच गोष्ट मॉस्किटोची. ते विमान लाकडाचं. तीच बऱ्याच रोटोल प्रोपेलरांची, कारण त्यांची पातीही लाकडाची होती. अशा पात्यांच्या कडांना चांदी लावलेली मॉडेलं तुम्हांला कुठल्याही प्रदर्शनात दिसतील.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, जिथे पत्रा आहे तिथे तरी भरपूर ओरखडे काढू. इथे नैयायिकांचं एक जुनं उदाहरण आठवा. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर असतोच असं नाही. लोखंडाचा गोळा तापून लाल होतो, त्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसंच, जिथे चांदीचा ओरखडा तिथे खाली पत्रा हवाच. पण जिथे पत्रा तिथे ओरखडा हवाच असं नाही. रंगाखाली अस्तर आहे का, रंग कुणी आणि कुठे मारला, यावर ते ठरतं.

त्याच ब्रह्मदेशच्या आकाशात हरिकेनच्या समोर जपानी लष्कराचं की-४३ होतं. त्याचं नाव हायाबुसा, म्हणजे बहिरी ससाणा. यांतली बरीच विमानं कारखान्यातून उघड्या पत्र्याची यायची आणि हिरवा रंग नंतर तुकडीवर, तळाला अस्तर न देता मारला जायचा. तो रंग पत्र्याला धरून राहत नसे. त्यामुळे त्या विमानांवरून रंगाचे पापुद्रे अक्षरशः निघून गेलेले फोटोंत दिसतात. ब्रिटिश रंग त्या मानानं घट्ट बसायचा. तो निघण्यापेक्षा विटायचा जास्त. म्हणजे एकच आकाश, एकच ऊन, एकच पाऊस, आणि तरी दोन विमानांचं म्हातारपण वेगळं. ‘युद्धातलं विमान असं दिसतं’ अशी एकच कृती असूच शकत नाही ती याच कारणानं.

म्हणून तंत्रंही दोन. हायाबुसासाठी हेअरस्प्रेचं तंत्र चांगलं. आधी अॅल्युमिनियमचा रंग देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके थर. ते वाळले की वरून हिरवा अॅक्रिलिक रंग. मग अर्ध्या-एक तासात कोमट पाण्यानं ओला केलेला जरा ताठ ब्रश घेऊन हळूहळू घासायचं. अॅक्रिलिकचा थर अजून कच्चा असतो, त्यातून पाणी खाली जातं, हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे खऱ्या विमानावर जे झालं तेच इथे घडतं: खालची पकड गेली म्हणून रंग गेला. दुसरी पद्धत मिठाची. अॅल्युमिनियमच्या थरावर पाण्याचा हात फिरवायचा, मीठ भुरभुरायचं, वाळू द्यायचं, वरून रंग फवारायचा आणि मग मीठ खरवडून काढायचं. मिठाच्या जागी पत्रा उघडा पडतो.

हरिकेनला यातलं फारसं काही लागत नाही. तिथे ओरखडे मोजकेच, आणि प्रत्येकाला मालक हवा. पायलट डाव्या बाजूनं चढतो, तिथे खाली पाय ठेवायची रिकीब असते. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग घासलेला असेल. पंखाच्या वरच्या बाजूला बंदुकांच्या झडपा असतात. आर्मररनं त्या शेकडो वेळा उघडल्या आहेत, म्हणून त्यांच्या स्क्रूंभोवती. स्पंजाचा छोटा तुकडा चिमट्यात धरायचा, रंगात बुडवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त तेवढ्याच जागी टेकवायचा. कुणाचा हात किंवा पाय इथे पोचला, याचं उत्तर नसेल तर स्पंज खाली ठेवा.

दुसरा प्रश्न: उडताना झालं का उभं असताना?

विमानावर दोन शक्ती काम करतात. उडताना वारा, तो पुढून मागे. उभं असताना गुरुत्वाकर्षण, ते वरून खाली. धडाच्या बाजूला तेल गळालं आणि विमान हवेत असलं, तर ओघळ मागे ताणला जातो. विमान तळावर उभं असलं तर तो सरळ खाली येतो. माझ्या पहिल्या मॉडेलवर एकाच सांध्यातून तीन ओघळ तीन दिशांना गेले होते. (हशा) त्यातला एक तर पुढे चालला होता.

एक बारकावा लक्षात ठेवा. हरिकेन उभं असतं ते शेपटीच्या चाकावर टेकून, नाक वर करून. त्यामुळे उभ्या विमानाचा ओघळ जमिनीला काटकोनात असतो, धडाच्या रेषेला नव्हे. मॉडेल चाकांवर उभं करून मगच तो ओघळ काढायचा. हातात आडवं धरून काढला की चुकतो.

एक्झॉस्टची काजळी याच नियमानं चालते. हरिकेनचं मर्लिन इंजिन नाकात, त्याच्या एक्झॉस्टच्या नळ्या दोन्ही बाजूंना. धूर धडाला चाटून पंखाच्या मुळावरून मागे जातो. पण ती काजळी नेहमी काळीच असते असं नाही. त्या काळच्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असे. इंधन कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणावर लांबचं उड्डाण झालं की डाग फिकट, करडा, राखेसारखा पडतो. इंधन जास्त असेल तर काळा. म्हणजे त्या पट्ट्याचा रंगही काही सांगतो: हे विमान दूर जाऊन आलं का जवळच घिरट्या घालत होतं. सुके पेस्टल खडू सँडपेपरवर घासून त्यांची पूड करायची, तपकिरी, काळी आणि करडी वेगवेगळी ठेवायची आणि मऊ ब्रशानं पुढून मागे नेत लावायची. आधी तपकिरी रुंद, मग आत काळी अरुंद, आणि लांबच्या उड्डाणाचं विमान असेल तर मधोमध करडी.

तेलासाठी चित्रकाराचे साधे ऑइल कलर. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा, म्हणजे त्यातलं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग चकाकत नाही. मग एक बारीक ठिपका ठेवायचा आणि टर्पेंटाइननं ओलसर केलेल्या सपाट ब्रशानं तो योग्य दिशेला ओढायचा. नाही आवडलं तर पुसता येतं. हे शक्य होतं याचं कारण रसायनाचं आहे: खालचा रंग आणि वॉर्निश अॅक्रिलिक असतं, आणि पूर्ण वाळलेल्या अॅक्रिलिकला टर्पेंटाइन सहसा हात लावत नाही. म्हणून क्रम असा: प्रायमर, मूळ रंग, चिन्हांचे डिकल, चकचकीत वॉर्निश, मग वॉश आणि तेल, मग मॅट वॉर्निश आणि सगळ्यात शेवटी पेस्टलची पूड. पुडीवर वॉर्निश मारलंत तर ती बरीचशी नाहीशी होते, म्हणून पूड शेवटी. प्रत्येक नवं द्रव्य आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

मधेच, प्रमाणाबद्दल

इथे थोडं गणित करू. हरिकेनच्या पंखांची लांबी ४० फूट. १/७२ मापात ते १७ सेंटीमीटर होतात. खऱ्या पंखावरचा एक सेंटीमीटरचा ओरखडा मॉडेलवर ०.१४ मिलिमीटर होतो, म्हणजे सुईच्या टोकासारखा. आणि उलट, मॉडेलवरच्या सांध्यात तुम्ही ०.२ मिलिमीटरची काळी रेघ भरलीत, तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ दीड सेंटीमीटरची फट झाली. करंगळी जाईल एवढी! असं विमान धावपट्टी सोडणार नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो दमदार आहे. स्पेनमधल्या मॉडेलकारांनी एक शैली रूढ केली, तिला ‘स्पॅनिश स्कूल’च म्हणतात. ते मूळ रंगाच्या आधीच सांध्यांवर काळा फवारतात, पत्र्याच्या प्रत्येक तुकड्याचा मध्य उजळ करतात, छाया गडद करतात. त्यांचं म्हणणं, एवढ्या लहान वस्तूवर प्रकाश स्वतःहून छायाभेद दाखवत नाही, तो रंगवावा लागतो. रंगभूमीवरचे रंगभूषाकार हेच करतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला भुवई दिसावी म्हणून ती ठळक काढतात. मला हा युक्तिवाद मान्य आहे. पण भुवई ठळक करणं वेगळं आणि कपाळावर तिसरी भुवई काढणं वेगळं. (हशा) जे आहे ते ठळक करा. जे कारणाशिवाय आहे ते काढूच नका.

तिसरा प्रश्न: हे पुसलं का नाही कुणी?

पहिले दोन प्रश्न भौतिकशास्त्राचे आहेत. तिसरा माणसाचा आहे, आणि मला तो समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मी वडिलांना पुढे एकदा विचारलं, की तुम्ही विमान एवढं पुसत का होता? वरचा अधिकारी रागवायचा म्हणून? ते म्हणाले, “नाही रे. आजचं तेल पुसलं नाही, तर उद्याचं कुठून आलं कसं कळणार?”

मी वर्गात तीस वर्षं शेषवत् अनुमान शिकवलं होतं. माझे वडील ते रोज पहाटे फडक्यानं करत होते. डाग पुसायचा तो विमान चांगलं दिसावं म्हणून नव्हे. उद्याचा डाग वाचता यावा म्हणून. जुन्या मळाच्या थराखाली नवी गळती लपते, तडा लपतो. ब्रिटिश पद्धतीच्या हवाई दलांत विमानाच्या देखभालीची नोंद ‘फॉर्म ७००’मध्ये व्हायची. ज्यानं काम केलं तो सही करायचा, आणि विमान ताब्यात घेताना पायलट सही करायचा. पायलट स्वतः इंजिन उघडून बघत नसे. एका माणसाच्या सहीवर दुसरा माणूस जीव ठेवून वर जायचा. शब्दप्रमाणाचं याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकांत मिळालं नाही.

आता माझ्या पहिल्या मॉडेलकडे या बाजूनं बघा. मी त्याला मळानं माखून काढलं, आणि वाटलं की मी युद्ध दाखवतोय. प्रत्यक्षात मी असं म्हणत होतो, की या विमानाला फडकं लावणारा कुणी नव्हता. वडिलांना जे लागलं ते हे. मॉडेलवर पायलटचं नाव आपण डिकलनं लावतो. फिटरचं नाव कुठेच नसतं. त्याची सही फक्त एकाच प्रकारे दिसते, कुठला मळ शिल्लक नाही यावरून.

याचा अर्थ विमान कोरं ठेवा असा नाही. माघारीत, पावसाळ्यात, सुट्या भागांची टंचाई असताना विमानं खरंच वाईट अवस्थेत गेली आहेत. तसा फोटो असेल तर तसंच करा. पण नेहमीच्या विमानावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिसायला हवं. त्यासाठी काय करता येईल ते सांगतो.

एक, काच. कॉकपिटची काच कधीही मळवू नका. काचेवरचा ठिपका आणि दूरवरचं शत्रूचं विमान यांत पायलटला फरक करता येत नाही, म्हणून काच घासून लखख ठेवत.

दोन, पुसल्याची खूण. झडपेवर तेलाचा पातळ वॉश द्या आणि कापसाच्या काडीनं तो मधून पुसून काढा. कोपऱ्यांत, स्क्रूंभोवती जे राहील ते राहू द्या. तिथे फडकं पोचत नाही. हा माझा सगळ्यात आवडता परिणाम आहे. इथे आपण मळ लावत नाही, मळ पुसतो.

तीन, दुरुस्ती. विटलेल्या हिरव्या रंगात एखादा चौकोन ताज्या हिरव्याचा. कापडावर ठिगळ. आणि या आघाडीवर तर एक हमखास जागा आहे. जपानी विमानावरचा लाल गोळा आणि ब्रिटिश चिन्हातला मधला लाल ठिपका यांची गल्लत होऊ नये म्हणून चिन्हातला लाल रंग काढून टाकला गेला आणि जुनी चिन्हं नव्यानं रंगवली गेली. म्हणजे त्या चिन्हापाशी ताजा रंग दाखवायला सबळ कारण आहे.

चार, वय. कित्येक लढाऊ विमानं महिन्या-दोन महिन्यांतच पडली. जे विमान सहा आठवडे जगलं त्याला सहा वर्षांचं ऊन लागू शकत नाही. विटका रंग दाखवायचा असेल तर आधी विचारा, हे तेवढं जगलं का?

हे टेबलावर उजवीकडे आहे ते माझं दुसरं हरिकेन. १९९८ साली पुरं झालं. डावीकडचं पहिलं. मी दोन्ही मुद्दाम आणली आहेत. दुसरंही मी वडिलांच्या हातात दिलं होतं. त्यांनी पुन्हा चष्मा वर केला, विमान उलटं केलं, शेपटीचं कापड बघितलं, झडपा बघितल्या, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “हं. याच्यावर सही करीन.”

मी खूश झालो. तेवढ्यात ते म्हणाले, “पण चाकं कुणी धुतली?”

सगळं विमान करून मी चाकांना चिखल लावायचा विसरलो होतो. विमान उतरलं मातीच्या धावपट्टीवर आणि टायर शोरूममधले! ती चाकं मी अजून तशीच ठेवली आहेत. व्याख्यान संपल्यावर जवळ येऊन बघा, भिंग इथे ठेवलं आहे. चाकांखेरीज आणखी चुका सापडतील. त्या मला जरूर सांगा, फक्त डाग दाखवताना कारणही सांगा.